डिस्ट्रिब्युटर फिरवण्याआधी: मॉडिफाय केलेल्या जुन्या इंजिनाचं टायमिंग

जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन उघडलं जातं. हेड घासून कॉम्प्रेशन वाढवतात, रेसिंगच्या धाटणीचा कॅमशाफ्ट बसतो, मूळ कार्बोरेटर जाऊन वेबरची जोडी येते. सगळं जुळवून झाल्यावर मॅन्युअलमधला जुना आकडा बघून टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी नेमकी कधी पडावी ते, लावतात, आणि इंजिन आयडलिंगला धड चालत नाही. मग क्लॅम्प सैल करून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा भाग, हातानं किंचित फिरवला की आवाज एकदम खुलतो, आयडलिंग बसतं, पिकअप येतो. मालक खूश होऊन क्लॅम्प आवळतो. घोटाळा इथेच होतो आणि तो कळतो पहिल्या मोठ्या चढावर, टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर: टर्र-टर्र, पत्र्याच्या डबीत खडे हलवल्यासारखा आवाज.

तो आवाज का येतो हे कळायला स्पार्क प्लगच्या ठिणगीपासून सुरुवात करावी लागते.

बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर चित्र असं असतं की पिस्टन वर पोचला, ठिणगी पडली, स्फोट झाला, पिस्टन खाली गेला. प्रत्यक्षात स्फोट होतच नाही, निदान व्हायला नको. ठिणगीजवळ एक इवलीशी ज्योत जन्मते आणि ती गवताला लागलेल्या आगीसारखी पुढे पुढे सरकत सगळं मिश्रण जाळते. याला वेळ लागतो, ढोबळमानानं दोन मिलिसेकंद. आपल्याला हवं असतं ते इतकंच, की सिलिंडरमधला दाब पिस्टननं शिखर ओलांडून खाली यायला लागल्यावर कमाल व्हावा. शिखर म्हणजे टीडीसी, पिस्टनची सगळ्यात वरची जागा. बहुतेक इंजिनांत क्रँक टीडीसीच्या पुढे साधारण १२ ते १७ अंश गेलेला असताना दाब कमाल असला की सर्वाधिक ताकद मिळते.

सायकलचं पेडल आठवा. पेडल अगदी वर असताना कितीही जोर लावला तरी चाक हलत नाही, नुसता एक्सलवर भार पडतो. पेडल जरा पुढे कललं की तोच जोर कामी येतो. क्रँकचंही तसंच आहे. शिवाय इंजिनात आणखी एक अडचण असते: पिस्टन खाली जाईल तशी वरची जागा वाढते आणि दाब ओसरत जातो. त्यामुळे दाबाचं शिखर फार लवकर आलं तरी वाया, उशिरा आलं तरी वाया.

ज्योतीला वेळ लागतो, म्हणजे काडी आधी ओढायला हवी. ठिणगी टीडीसीच्या किती अंश आधी पडते, त्याला ॲडव्हान्स म्हणायचं. उशिरा पाडली तर टायमिंग रिटार्ड झालं.

आता वेगाचा हिशेब. १००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात ६ अंश फिरतो. ३००० ला १८, ६००० ला ३६. ज्वलनाला कायम तेवढाच वेळ लागत असता तर ६००० आरपीएमला ७२ अंश आधी ठिणगी पाडावी लागली असती. तसं करावं लागत नाही, कारण वेग वाढला की आत येणाऱ्या हवेचा घुसळाही वाढतो, आणि घुसळलेल्या मिश्रणात ज्योत जास्त वेगानं पसरते. ३००० ते ३५०० आरपीएमच्या आसपास ही वाढ क्रँकच्या वेगाशी जवळपास बरोबरी साधते, आणि त्यापुढे ॲडव्हान्स वाढवायची फारशी गरज उरत नाही. म्हणून जुन्या इंजिनांच्या ॲडव्हान्सचा आलेख आधी चढतो आणि मग सपाट होतो. ही सपाट रेघ आपल्याला पुढे फार लागणार आहे.

सुरुवातीच्या गाड्यांत हे काम चालकच करायचा. १९०८ मध्ये आलेल्या फोर्ड मॉडेल टीच्या स्टिअरिंगखाली डाव्या हाताला एक दांडी होती. हँडल मारून इंजिन चालू करताना ती रिटार्डवर ठेवायची, नाहीतर ठिणगी आधी पडून इंजिन उलटं झटका मारायचं आणि मनगट मोडायचं. गाडीनं वेग घेतला की कानानं अंदाज घेत ॲडव्हान्स वाढवायचा.

डिस्ट्रिब्युटरनं ही दांडी आपल्या पोटात घेतली. कॅप आणि रोटर काढून खालची प्लेट उचलली की दोन छोटी लोखंडी वजनं दिसतात, प्रत्येकाला एक बारीक स्प्रिंग. शाफ्ट जोरात फिरायला लागला की वजनं बाहेर फेकली जातात आणि सीबी पॉइंट (उघडला की ठिणगी पाडणारा छोटा स्विच) उघडणारा कॅम थोडा पुढे ढकलतात. लुकासच्या २५डी४ सारख्या डिस्ट्रिब्युटरमध्ये दोन स्प्रिंगा एकसारख्या नसतात. एक नाजूक असते आणि कायम ताणलेली असते. दुसरी जाड असते आणि तिची कडी खुंटीवर सैल बसते. सुरुवातीला नाजूक स्प्रिंग एकटीच वजनं धरून ठेवते म्हणून ॲडव्हान्स भरभर वाढतो. सैल कडी ताणली गेली की जाड स्प्रिंगही कामाला लागते आणि वाढ मंदावते. एवढ्याशा सैल कडीत आलेखाचा अख्खा बाक दडलेला असतो. मला ही रचना आजही सुंदर वाटते. दुरुस्तीच्या नावाखाली दोन्ही जागी सारख्या स्प्रिंगा बसवलेल्या दिसल्या की जीव हळहळतो.

इथे एक गुणाकार लक्षात ठेवायचा. डिस्ट्रिब्युटर क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, त्यामुळे आतला १ अंश म्हणजे क्रँकचे २ अंश. लुकासच्या ॲडव्हान्स प्लेटवर १२ कोरलेलं असेल तर क्रँकवर २४ अंश मिळणार.

डिस्ट्रिब्युटरच्या बाजूला चिकटलेली गोल डबी म्हणजे व्हॅक्यूम ॲडव्हान्स. ॲक्सिलरेटर हलकाच दाबून गाडी संथ चालत असते तेव्हा सिलिंडर अर्धेमुर्धेच भरतात. मिश्रण विरळ, त्यात जळक्या वायूचा उरलेला भाग जास्त, म्हणून ज्योत रेंगाळते. अशा वेळी आणखी १० ते १२ अंश ॲडव्हान्स लागतो आणि तो ही डबी देते. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की व्हॅक्यूम जातो आणि हा जादाचा ॲडव्हान्सही लगेच निघून जातो.

आता सुरुवातीच्या घोटाळ्याकडे येऊ. समजा, मूळ इंजिनाला आयडलिंगला ८ अंश होते आणि वजनांमुळे २४ अंश वाढत होते. वर एकूण ३२. नवा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवतो आणि इनलेट आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळही वाढवतो. वरच्या वेगात याचा फायदा होतो. आयडलिंगला मात्र जळका वायू परत आत शिरतो, ताजं मिश्रण त्यात मिसळून पातळ होतं आणि हळू जळतं. म्हणून अशा इंजिनाला खाली ८ अंश पुरत नाहीत, १४ ते १६ मागतं. मालकानं डिस्ट्रिब्युटर ६ अंश फिरवला, आयडलिंगला १४ झाले, इंजिन खुललं. पण वजनं तीच, त्यांची २४ अंशांची झेप तीच. वर आता ३८ झाले. डिस्ट्रिब्युटर फिरवल्यानं आलेख अख्खाच्या अख्खा सरकतो, त्याचा आकार बदलत नाही. मॉडिफाय केलेल्या इंजिनाला आकारच वेगळा हवा असतो: सुरुवात वरून, झेप छोटी, शेवट जवळपास पहिल्याच जागी. वजनांची झेप २४ वरून १८ वर आणली की १४ आणि १८ मिळून पुन्हा ३२. खालीही समाधान, वरही धोका नाही. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

३८ अंशांनी नेमकं बिघडतं काय? पिस्टन अजून वर चढत असतानाच ज्योत बरीच पसरलेली असते. दाब आणि तापमान इतकं वाढतं की प्लगपासून लांब, कोपऱ्यात राहिलेलं मिश्रण ज्योतीची वाट न पाहता आपोआप, एकदम पेट घेतं. हा मात्र खरा स्फोट. त्याच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आदळतात, तो टर्र आवाज त्यांचाच. यालाच नॉकिंग म्हणतात. थोडं आणि क्वचित झालं तर इंजिन सोसतं. सतत झालं तर पिस्टनवरचा उष्णतेपासून वाचवणारा वायूचा पातळ थर पुसला जातो आणि ॲल्युमिनियम वितळायला लागतं. अशा इंजिनातून काढलेला पिस्टन मी हातात घेतलेला आहे. त्याची वरची कड उंदरानं कुरतडल्यासारखी झाली होती आणि दोन रिंगांमधली पट्टी तुटून बोटाला लागत होती. त्या गाडीचा मालक सांगत होता की आवाज कधी आलाच नाही. खोटं नव्हतं ते. ५००० आरपीएमला उघड्या वेबरच्या गर्जनेत नॉकिंग ऐकूच येत नाही. चढावर कमी वेगात ऐकू आलं तर ती मोठी कृपाच समजायची.

नॉकिंगला आवर घालणारी दुसरी गोष्ट म्हणजे पेट्रोलचा ऑक्टेन, आपोआप पेट न घेण्याची त्याची क्षमता. १९२१ साली थॉमस मिजली आणि चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत टेट्राइथाइल लेड पेट्रोलमध्ये टाकल्यावर नॉकिंग थांबतं हे सापडलं, आणि पुढची कित्येक दशकं इंजिनं त्या विषारी शिशाच्या जोरावर चालली. ब्रिटिश स्पोर्ट्स कारचे जुने आकडे फोर-स्टार पेट्रोल गृहीत धरून दिलेले असायचे, म्हणजे ९७ आरओएन (ऑक्टेन मोजायचा आकडा) किंवा अधिक. ब्रिटनमध्ये त्याची सर्वसाधारण विक्री १९९९ च्या अखेरीस थांबली. आज टाकीत ९५ आरओएन असेल तर मॅन्युअलमधला आकडा मूळ इंजिनालाही जड जाऊ शकतो, मग कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनाची काय कथा.

कॉम्प्रेशनबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण इथे कॅमशाफ्टच्या उलटा ओढा असतो. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं १७९८ सीसी इंजिन मूळ ८.८:१ कॉम्प्रेशनचं. ते १०:१ च्या पुढे नेलं की मिश्रण जास्त दाबलं जातं, जास्त तापतं, जास्त वेगानं जळतं. त्याला वरच्या टोकाला दोन-चार अंश कमी ॲडव्हान्स पुरतो, आणि नॉकिंगची सीमाही जवळ येते. म्हणजे कॅमशाफ्ट म्हणतो खाली वाढवा, कॉम्प्रेशन म्हणतं वर कमी करा. दोघांचं ऐकलं की आपोआपच छोट्या झेपेवर येऊन पोचतो. यात एक चांगली गोष्ट अशी की लांब कॅममध्ये इनलेट व्हॉल्व्ह उशिरा बंद होतो, कमी वेगात थोडं मिश्रण परत बाहेर ढकललं जातं, त्यामुळे खालच्या वेगात नॉकिंगची भीती कमी असते आणि तिथे १४-१५ अंश निर्धास्त देता येतात. खरी भीती असते ती टॉर्क सर्वाधिक असतो त्या वेगाच्या आसपास. तिथे सिलिंडर सगळ्यात जास्त भरतात.

ज्वलनकक्षाचा आकारही आपलं मत मांडतो. प्लग मधोमध असेल तर ज्योतीला सगळीकडे सारखंच अंतर जावं लागतं आणि कमी ॲडव्हान्स पुरतो. एमजीबीच्या हेडमध्ये हॅरी वेस्लेकचा बदामाच्या आकाराचा कक्ष आहे, प्लग एका बाजूला. त्या इंजिनाला साधारण ३२ ते ३४ अंश मानवतात. अर्धगोल कक्षात उंच घुमटाचा पिस्टन बसवला तर ज्योतीला तो घुमट ओलांडून जावं लागतं, मग आणखी अंश लागतात. १९६५ च्या अल्फा रोमिओ जीटीएमध्ये यावर उपाय म्हणून प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग दिले होते. आग दोन ठिकाणी लागली की प्रवास अर्धा.

वेबरची जोडी लावताना बहुतेक जण व्हॅक्यूमची डबी काढून टाकतात. प्रत्येक सिलिंडरला वेगळा थ्रॉटल असल्यामुळे व्हॅक्यूम झटक्याझटक्यानं येतो आणि डबीची पट्टी थरथरत राहते, हे खरंच आहे. शर्यतीत गाडी सतत पूर्ण थ्रॉटलवर असते, तिथे डबीची गरजही नाही. रस्त्यावरच्या गाडीचं मात्र त्यानं नुकसान होतं. संथ चालताना ४२-४४ अंश मागणारं इंजिन ३२ वर चालवलं की ज्वलन उशिरापर्यंत रेंगाळतं, उष्णता एक्झॉस्टमध्ये जाते, तापमानाचा काटा चढतो आणि पेट्रोल जळतं ते वेगळंच. चारही इनटेकमधून बारीक नळ्या काढून एका छोट्या डबीत एकत्र केल्या तर झटके विरतात आणि व्हॅक्यूम वापरता येतो. एवढी खटपट माझ्या मते करावीच.

आता प्रत्यक्ष काम. टायमिंगला हात लावण्याआधी टॅपेट, प्लग आणि सीबी पॉइंटची गॅप तपासून घ्या. गॅप वाढली की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे जातं, गॅप कमी झाली की मागे येतं. आधी टायमिंग आणि मग गॅप लावली तर पहिलं काम वाया गेलं. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हातानं आडवा हलवून बघा. बुश झिजून तो डुगडुगत असेल तर पुढचं काहीच स्थिर राहणार नाही.

त्यानंतर पुलीवरच्या खुणेची खातरजमा. हे मी ठासून सांगतो, कारण एका संध्याकाळी मी तीन तास चुकीच्या खुणेशी झुंजत होतो. पुलीची आतली आणि बाहेरची कडी रबरानं जोडलेली असते. वर्षानुवर्षांनी रबर सुटतं आणि बाहेरची कडी सरकते. माझ्या गाडीची ८ अंश सरकलेली निघाली. ते शोधायचा मार्ग सोपा आहे. सगळे प्लग काढा. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या जागी पिस्टनला अडवेल असा ठोस स्टॉप बसवा. इंजिन पान्यानं हळूच फिरवा, पिस्टन अडला की पुलीवर खूण करा. मग उलट दिशेनं फिरवा, अडला की दुसरी खूण करा. दोन खुणांचा बरोबर मध्य म्हणजे खरा टीडीसी. स्टार्टर मारून हे कधीही करू नका, पिस्टन फुटेल.

खरा टीडीसी मिळाला की तिथून अंश आखून घ्या. पुलीचा व्यास १५० मिमी असेल तर घेर साधारण ४७१ मिमी, म्हणजे १ अंशाला १.३ मिमी आणि ३० अंशांना कडेवरून मोजलेले ३९ मिमी. कागदाची पट्टी कापून गुंडाळायची आणि ०, १०, २०, ३० वर पांढऱ्या रंगाच्या बारीक रेघा मारायच्या.

इंजिन पूर्ण तापू द्या. व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा. टायमिंग लाइटची चिमटी पहिल्या सिलिंडरच्या वायरवर लावा आणि प्रकाश पुलीवर मारा. प्रत्येक ठिणगीबरोबर लाइट चमकतो, त्यामुळे गरगर फिरणारी पुली जागच्या जागी थिजल्यासारखी दिसते आणि पांढरी रेघ स्पष्ट वाचता येते. त्याच प्रकाशात पंख्याचं पातंही थांबल्यासारखं दिसू शकतं. तिथे चुकूनही हात नेऊ नका, बाह्या वर खोचून घ्या.

मॅन्युअल आयडलिंगपासून सुरुवात करायला सांगतं. मॉडिफाय केलेल्या इंजिनात मी उलटं करतो. कुणाला तरी इंजिन हळूहळू रेस करायला सांगायचं. रेघ सरकत जाते, सरकत जाते आणि एका वेगाला थांबते. वजनं पूर्ण उघडली. या जागी ३० अंश येतील असा डिस्ट्रिब्युटर लावायचा. रोटर फिरतो त्याच्या उलट दिशेनं बॉडी फिरवली की ॲडव्हान्स वाढतो. मग इंजिन आयडलिंगला आणून खाली किती उरले ते वाचायचं. ६ उरले आणि इंजिनाला १४ हवे असतील, तर वजनांची झेप ८ अंशांनी, म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या ४ अंशांनी कमी करायची आहे हे कळलं. त्यासाठी आतल्या स्टॉपला थोडी भर घालतात किंवा वजनांच्या खुंटीवर बारीक बुश चढवतात. आयडलिंगला रेघ मागेपुढे नाचत असेल तर स्प्रिंगा फार नाजूक आहेत, वजनं तिथेच हलायला लागली आहेत. दर ५०० आरपीएमला अंश वाचून कागदावर आलेख काढला की इंजिनाचा स्वभाव डोळ्यांसमोर येतो. प्रोग्रॅम करता येणारा डिस्ट्रिब्युटर असेल तर घासकाम वाचतं, पण कुठला आलेख भरायचा हे तरीही आपल्यालाच ठरवावं लागतं.

नंतर रस्ता. मोकळा लांब चढ, टॉप गिअर, २००० आरपीएमपासून पूर्ण थ्रॉटल. आवाज आला की लगेच पाय काढा आणि २ अंश मागे या. आला नाही तर एक-एक अंश वाढवत बघा. डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, जाता आलं तर सगळ्यात उत्तम. तिथे असं दिसतं की टॉर्कचा माथा बराच सपाट असतो. २८ वरून ३० वर गेल्यावर काटा हलतो, ३० वरून ३२ वर जेमतेम, ३२ वरून ३४ वर अजिबात नाही. अशा वेळी मी ३० वर थांबतो. तितकीच ताकद, आणि उकाड्याच्या दिवसासाठी किंवा हलक्या पेट्रोलसाठी हाताशी थोडी जागा राहते.

शे-दोनशे किलोमीटरनंतर प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या चिनी मातीवर काळे किंवा चकचकीत बारीक ठिपके दिसले, मिरपूड भुरभुरल्यासारखे, तर कानाला न आलेलं नॉकिंग तिथे उमटलं आहे. चकचकीत कण असले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असतं. लगेच २-३ अंश मागे या आणि कार्बोरेटर पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, मिश्रण देतोय का तेही तपासा.

सगळं मनासारखं झालं की क्लॅम्प आवळा, बॉडी आणि ब्लॉक यांवर एकाच रेषेत टोच्यानं खूण करा आणि आयडलिंगचे अंश, वरचे अंश, ते ज्या आरपीएमला पूर्ण होतात तो वेग आणि वापरलेलं पेट्रोल एका चिठ्ठीवर लिहून बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवा. सीबी पॉइंट नवीन असतील तर पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये त्यांची टाच झिजते, गॅप घटते आणि टायमिंग गुपचूप मागे सरकतं. तेव्हा फीलर गेज आणि टायमिंग लाइट पुन्हा एकदा बाहेर काढा.